मधुमेह आणि मद्यपान : खरा धोका पहाटेचा

मधुमेहाचे निदान झाले की रुग्ण पथ्याची चौकशी मोठ्या बारकाईने करतात. भात किती खावा, आंबा चालेल का, चहात साखरेऐवजी गूळ घातला तर काय होईल, हे प्रश्न मोकळेपणाने विचारले जातात. एक प्रश्न मात्र बहुधा शेवटी, सोबतची मंडळी दाराबाहेर गेल्यावर हळू आवाजात येतो : "डॉक्टर, थोडीफार घेतली तर चालते का?" पुष्कळदा तो विचारलाही जात नाही. घरच्यांसमोर संकोच वाटतो, डॉक्टर रागावतील अशी धास्ती असते. मग रुग्ण मित्रमंडळींच्या सल्ल्याने चालतो. तो सल्ला साधारण असा असतो, की बिअर सोडावी, कारण तिच्याने साखर वाढते. व्हिस्कीत साखर नसते, तेव्हा ती घ्यायला हरकत नाही.

या सल्ल्यात खरा धोका सुटून जातो. मधुमेही माणसाला दारूपासून होणारा तातडीचा धोका हा रक्तातील साखर एकाएकी कमी होण्याचा आहे, आणि ती कमी होते पिऊन झाल्यावर कित्येक तासांनी. पुष्कळदा पहाटे, घर झोपेत असताना. त्यातही अडचण अशी, की साखर कमी झाल्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात. आजूबाजूच्यांना वाटते, 'चढली आहे, झोपू द्या.' हे झोपू देणेच एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हा लेख पिणाऱ्यांइतकाच त्यांच्या घरच्यांसाठीही आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. हा आजार आता गल्लोगल्ली आहे. तेव्हा हा विषय टाळून चालणार नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. जे पीत नाहीत त्यांनी हा लेख वाचून सुरुवात करू नये. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. न पिणे हेच सर्वांत चांगले. परंतु जे पितात त्यांना नुसते 'पिऊ नका' म्हणून हाकलून दिले, तर ते पिणे थांबवत नाहीत, डॉक्टरांना सांगणे मात्र थांबवतात.

यकृताची कणगी

आपण जेवतो तेव्हा अन्नातील साखर रक्तात येते. सगळी साखर त्या वेळी लागत नाही. उरलेली साखर यकृत आपल्याकडे साठवून ठेवते. शेतकऱ्याच्या घरात धान्याची कणगी असते तसेच हे आहे. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत आणि रात्रभर झोपेत आपण काही खात नाही, तरी मेंदूला साखर सतत लागते. ती यकृत या कणगीतून थोडी थोडी काढून देते.

यकृत आणखी एक काम करते. कणगी खाली होऊ लागली की ते इतर पदार्थांपासून नवी साखर तयार करते. निरोगी माणूस दिवसभर उपाशी राहिला तरी बेशुद्ध पडत नाही, तो यामुळेच.

आता दारूचे पाहू. शरीराला अल्कोहोल साठवता येत नाही. ते मोडून टाकण्याचे काम मुख्यतः यकृताकडे असते आणि यकृत या कामाला अग्रक्रम देते. ते चालू असेपर्यंत नवी साखर तयार करण्याचे काम जवळजवळ बंद पडते. कणगीतील साठा असेपर्यंत निभावते. साठा कमी असेल, म्हणजे माणूस उपाशी असेल, दिवसभर कष्ट केले असतील किंवा जेवण नीट झाले नसेल, तर रक्तातील साखर उतरू लागते. साध्या माणसाच्या शरीरात अशा वेळी इन्सुलिन आपोआप कमी होते. मधुमेही माणसाने घेतलेले इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी मात्र आपले काम करीतच राहते. एकीकडून साखरेचा पुरवठा बंद आणि दुसरीकडून साखर उतरवण्याचे काम चालू, अशी ही कोंडी आहे.

पहाटे काय होते

यकृताला एक छोटा पेग, म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल, मोडायला साधारण तास ते दीड तास लागतो. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबू चोखणे यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

समजा, एका गृहस्थांनी रात्री आठ ते साडेदहा या वेळेत एक क्वार्टर संपवली. सोबत शेव-फरसाण झाले, थंड पेय मिसळले, नंतर थोडे जेवण झाले. अकरा वाजता त्यांनी साखर तपासली तर ती २०० किंवा २२० भरते. मिसळलेल्या पेयाची, चखण्याची आणि जेवणाची ती साखर असते. गृहस्थ निर्धास्त होतात. काही जण तर साखर वाढली म्हणून इन्सुलिनचे चार युनिट जास्त टोचून घेतात. रात्री दोन-तीनपर्यंत जेवणाची साखर ओसरते. क्वार्टरमधील अल्कोहोल मोडण्याचे काम अजून संपलेले नसते, त्यामुळे यकृत नवी साखर देत नाही. औषधाचा अंमल चालू असतो. पहाटे तीन-चारच्या सुमारास साखर ७० च्या खाली, कधी ५०-४० पर्यंत घसरते.

७० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर ही कमी समजली जाते. ५४ च्या खाली गेल्यास तो गंभीर प्रकार होय. मद्यपानानंतर ही घसरण चोवीस तासांपर्यंत केव्हाही होऊ शकते. म्हणूनच रात्री काही झाले नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी न करता कामाला निघालेला माणूस रस्त्यात कोसळला, असेही घडते.

नशा की साखर कमी झाली?

साखर कमी होऊ लागली की प्रथम घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, कडकडून भूक लागते. आणखी उतरली की मेंदूवर परिणाम दिसतो. बोलणे अडखळते, तोल जातो, माणूस विनाकारण चिडतो, भांडतो, विचारले एक तर उत्तर भलतेच देतो. शेवटी गुंगी, झटके आणि बेशुद्धी.

ही यादी पुन्हा वाचून पाहावी. तोल जाणे, अडखळत बोलणे, भांडणे, गाढ गुंगी. दारूच्या नशेची लक्षणे याहून निराळी नाहीत. शिवाय तोंडाला वास येत असेल तर कोणाला शंकाही येत नाही. "उतरेल सकाळी," म्हणून अंगावर पांघरूण घातले जाते. स्वतः रुग्णालाही कळत नाही, कारण नशेत सुरुवातीचा घाम आणि थरथर जाणवत नाही. झोपेत तर नाहीच नाही. रक्तदाबासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रानोलॉल या गोळ्या चालू असतील तर धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र येतो. थंडगार, ओलेचिंब अंग ही खूण घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

नुसते पाहून दोन्हींतला फरक डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहणे हाच उपाय. तो घरात नसेल तर मधुमेही माणसाची साखर कमीच झाली आहे असे धरून चालावे. नशा असताना साखर दिली तर बिघडत नाही. साखर कमी असताना ती दिली नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

कोणत्या औषधाला किती धोका

सगळ्या औषधांचा धोका सारखा नाही. आपल्या गोळीच्या पाकिटावरील नाव एकदा नीट वाचावे किंवा औषध दुकानदाराकडून वाचून घ्यावे. हल्ली एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात, म्हणून हे जास्त महत्त्वाचे.

इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरण्याचा धोका सर्वांत अधिक. त्याखालोखाल ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गोळ्या. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. यांतील काहींचा अंमल दिवसभर टिकतो, त्यामुळे साखर एकदा सावरून पुन्हा उतरते. वृद्ध आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णांत हा प्रकार जास्त.

मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर सहसा फार उतरत नाही, पण उपाशीपोटी भरपूर प्यायल्यास तीही हमी नाही. शिवाय अतिमद्यपान, त्यातून यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेले असल्यास, या गोळीने रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा क्वचित पण प्राणघातक धोका असतो.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या घेणाऱ्याने न जेवता दोन-तीन दिवस पीत राहिल्यास रक्तात कीटोन नावाची आम्ले वाढतात. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणे दिसतात आणि साखर फारशी वाढलेली नसते. त्यामुळे 'पित्त झाले' म्हणून दुर्लक्ष होते. अशा रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गोळ्यांनी एकट्याने साखर फार उतरत नाही. तथापि बरेचदा त्या दुसऱ्या औषधाबरोबर दिलेल्या असतात.

येथे एका सवयीबद्दल सांगणे जरूर आहे. 'आज बसायचे आहे, म्हणून आज गोळी नको' असे काही जण परस्पर ठरवतात. लहानपणापासून मधुमेह असलेल्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या रुग्णाने इन्सुलिन पूर्ण बंद केले तर एक-दोन दिवसांत जीव धोक्यात येतो. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णानेही औषधाचा फेरबदल मनाने करू नये. अशा दिवशी कोणती मात्रा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. दारूमुळे साखर वाढेल या भीतीने जादा गोळी किंवा जादा इन्सुलिन तर कधीही घेऊ नये.

पेग, क्वार्टर आणि बाटली

"मी फक्त बिअर घेतो," असे सांगणाऱ्यांनी थोडा हिशेब करून पाहावा. ४२.८ टक्के तीव्रतेची व्हिस्की, रम किंवा ब्रँडी असेल, तर ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. मोठा पेग ६० मिलिलिटरचा, म्हणजे दुप्पट. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा छोटे पेग, सुमारे ६० ग्रॅम.

बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते. ५ टक्के तीव्रतेच्या सौम्य बिअरमध्ये सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे अडीच छोटे पेग होतात. ८ टक्के तीव्रतेच्या 'स्ट्राँग' बिअरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग बसतात. दोन बाटल्या स्ट्राँग बिअर पिणारा माणूस क्वार्टरवाल्याच्या पुढे जातो, हे त्याच्या गावीही नसते.

अमेरिकेतील मधुमेह संघटनेने वर्षानुवर्षे सांगितलेली मर्यादा पुरुषांना दिवसाला जास्तीत जास्त दोन मापे आणि स्त्रियांना एक माप अशी आहे. तेथील एक माप म्हणजे कडक मद्य ४५ मिलिलिटर, वाईन १५० मिलिलिटर किंवा सौम्य बिअर ३५५ मिलिलिटर. ही कमाल मर्यादा आहे, रोज घ्यायचा डोस नव्हे. आठवडाभर न पिता शनिवारी सगळी मापे एकदम घेणे हे तर सर्वांत वाईट. आपल्याकडील रुग्णांनी एक, फार तर दोन छोटे पेग, तेही क्वचित प्रसंगी, यापुढे जाऊ नये असे माझे मत आहे.

गावठी, हातभट्टीची दारू आणि घरी काढलेली मोहाची दारू यांची तीव्रता किती, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यात मिथेनॉलसारखे विष असू शकते. मुंबईत मालवणी येथे २०१५ साली विषारी दारूने शंभरावर बळी घेतले होते. मधुमेह असो वा नसो, तिच्या वाटेला जाऊ नये.

काही गैरसमज

'व्हिस्कीत साखर नाही, म्हणून ती मधुमेहाला चालते.' व्हिस्की, रम, जिन यांत साखर जवळजवळ नसते हे खरे. पण साखर कमी होते ती अल्कोहोलमुळे, आणि अल्कोहोल सर्वांतच आहे. शिवाय एक ग्रॅम अल्कोहोल ७ कॅलरी देते. साखरेचा एक ग्रॅम ४ कॅलरी देतो. एका क्वार्टरमधून चारशेच्या वर कॅलरी मिळतात, म्हणजे दोन ज्वारीच्या भाकऱ्यांएवढ्या. त्यात पोषण काहीच नाही. वजन आणि पोटाचा घेर वाढतो, आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे अवघड होते.

'मी कोल्ड्रिंकमध्ये घेतो, म्हणजे साखर कमी होणार नाही.' साध्या कोला पेयाच्या ३०० मिलिलिटरमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर असते. तिने साखर झपाट्याने चढते आणि तितक्याच लवकर ओसरते. पहाटेसाठी तिचा उपयोग नाही. टॉनिक वॉटरमध्येही साखर असते. साधा सोडा किंवा पाणी यांत नसते.

'लाल वाईन हृदयाला चांगली.' १९९० च्या दशकात अशा बातम्या फार गाजल्या. नंतरच्या संशोधनात हा फायदा वाटला होता तसा आढळला नाही. हृदयासाठी म्हणून कोणीही वाईन सुरू करू नये.

'ताडी-माडी ही झाडाची, निसर्गाची, म्हणून निरुपद्रवी.' ताजी नीरा गोड असते, म्हणजे तिने साखर वाढते. ती आंबून ताडी झाली की त्या साखरेचेच अल्कोहोल होते. मधुमेह्याला दोन्ही जपूनच.

सणवार, वरात आणि उपवास

आपल्याकडे पिण्याचे प्रसंग ठरलेले असतात. आषाढी अमावास्येला गटारी साजरी होते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. श्रावणात पुष्कळ जण दारू आणि मांसाहार पूर्ण सोडतात ही उत्तम गोष्ट आहे. पण महिनाभराची कसर एका रात्रीत भरून काढायची आणि लगेच उपवास धरायचा, ही जोडी मधुमेह्याला घातक आहे. २०२४ साली श्रावण सोमवारीच सुरू झाला होता. म्हणजे रविवारी रात्री गटारी आणि सोमवारी कडक उपवास. यकृताची कणगी रात्रीच खाली झालेली, आणि दिवसभर ती भरायला अन्न नाही. साखर घसरायला याहून वेगळे निमित्त लागत नाही. रात्री मद्य घेतले असेल तर दुसऱ्या दिवशीचा उपवास धरू नये. देव समजून घेतो, शरीर घेत नाही.

लग्नाच्या वरातीत उपाशीपोटी दोन पेग घेऊन तास-दोन तास नाचणारे अनेक असतात. नाचण्याने स्नायू साखर ओढून घेतात, जेवण रात्री बारानंतर मिळते. सुगीच्या दिवसांत दिवसभर शेतात राबून संध्याकाळी घरी न जेवता गुत्त्यावर जाणाऱ्यांचेही तेच. ३१ डिसेंबरच्या रात्री जेवण मागे पडते आणि १ जानेवारीला लोक दहा-अकरापर्यंत उठत नाहीत. घरातला मधुमेही माणूस उशिरापर्यंत झोपला असेल तर त्याला 'आराम करू दे' म्हणू नये. हाक मारून उठवावे.

सकाळी डोके दुखते म्हणून रिकाम्या पोटी 'उतारा' घेणे हे तर संकटाला बोलावणे होय.

मुळीच घेऊ नये असे रुग्ण

काही रुग्णांना थोड्या प्रमाणाचीही मुभा नाही. यकृताचा विकार, स्वादुपिंडाची सूज एकदा जरी येऊन गेली असेल, रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असेल, वारंवार साखर कमी होत असेल किंवा कमी झालेली कळतच नसेल, मूत्रपिंड कमजोर असेल, अशांनी मद्याला स्पर्श करू नये. गरोदर स्त्रियांनीही घेऊ नये.

पायांना मुंग्या, आग किंवा बधिरपणा असेल तर त्याचे कारण मधुमेहाने नसा दुबळ्या होणे हे असते. दारूही त्याच नसांना मारते. दोन्ही एकत्र आले की पाय लवकर बधिर होतात. नशेत अनवाणी चालताना काटा रुततो, तो कळत नाही, जखम चिघळते आणि पाय गमावण्याची वेळ येते. लैंगिक दुर्बलतेच्या तक्रारीतही या जोडीचा हात मोठा असतो. कित्येक वर्षे प्यायल्याने स्वादुपिंडच कायमचे खराब होऊन काहींना नव्याने मधुमेह होतो, हेही लक्षात असावे.

घ्यायचीच असेल तर

१. उपाशीपोटी कधीही घेऊ नये. आधी भाकरी, पोळी किंवा भात पोटात असावा. चखणा हे जेवण नव्हे. शेव-फरसाणापेक्षा फुटाणे, शेंगदाणे, उकडलेले अंडे, काकडी बरी.

२. प्रमाण आधी ठरवावे, मोजून ओतावे, सावकाश घ्यावे. सोबत पाणी प्यावे.

३. साधा सोडा किंवा पाणी मिसळावे.

४. एकट्याने पिऊ नये. सोबतच्यांपैकी न पिणाऱ्या एकाला तरी आपल्याला मधुमेह आहे हे माहीत असावे.

५. झोपण्यापूर्वी साखर तपासावी. १०० च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर पोळी किंवा भाकरी आणि दूध घेऊनच झोपावे. जास्त भरली तरी जादा औषध घेऊ नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या वर्गातील गोळी घेणाऱ्यांनी पहाटे तीनचा गजर लावून पुन्हा तपासावी.

६. सकाळी वेळेवर उठून न्याहारी करावी. त्या दिवशी साखर दोन-तीनदा पाहावी.

७. पिऊन वाहन चालवू नये. कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पण मधुमेह्याच्या बाबतीत घरी येताना साखर उतरण्याचा धोका वेगळाच.

८. खिशात एक चिठ्ठी ठेवावी. तीवर लिहावे : 'मला मधुमेह आहे. मी गुंगीत किंवा बरळताना दिसलो तर साखर तपासा. शुद्धीवर असेन तर ग्लुकोज द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काही न घालता रुग्णालयात न्या.' खाली घरचा फोन क्रमांक आणि औषधांची नावे.

घरच्यांनी काय करावे

रात्री माणूस प्यालेला असेल तर त्याच्यावर राग असणे साहजिक आहे. भांडण सकाळी करावे. रात्री दोन-तीनदा त्याला हलवून पाहावे. नाव विचारावे, नीट उत्तर येते का पाहावे. अंग घामाने भिजले आहे का ते बघावे. ग्लुकोमीटर असेल तर तपासावे.

साखर ७० च्या खाली असेल, किंवा तपासता येत नसेल आणि शंका असेल, आणि माणूस गिळू शकत असेल, तर त्याला बसवून १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे. म्हणजे चहाचे तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून. ती नसेल तर तितकीच साखर. मात्र गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर उशिरा लागू पडते, तेथे ग्लुकोजच हवे. अशा घरात ग्लुकोजचे पाकीट ठेवावेच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. सुधारणा नसेल तर तितकेच पुन्हा द्यावे. शुद्ध आल्यावर भाकरी, पोळी, दूध, बिस्किटे असे काही खायला घालावे. लगेच झोपू देऊन निघून जाऊ नये, कारण साखर पुन्हा उतरते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर सावरल्यासारखा वाटला तरी रुग्णालयात दाखवावे.

माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील, गिळता येत नसेल, तर तोंडात साखर, पाणी, दूध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी झाली तरी घुसमटणार नाही, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते. काही जणांना ग्लुकागॉनचे इंजेक्शन घरी ठेवायला सांगितलेले असते. ते यकृतातील साठ्यावर काम करते. मद्यपानानंतर साठाच रिकामा असेल तर त्याचा गुण कमी येतो, म्हणून त्यावर विसंबून राहू नये.

रुग्णालयात दोन गोष्टी आठवणीने सांगाव्यात : याला मधुमेह आहे, आणि याने अमुक इतकी दारू घेतली आहे. नेहमी पिणाऱ्या माणसाला ग्लुकोजबरोबर ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे लागते. लाजेपोटी दारूची गोष्ट लपवली तर डॉक्टरांचा वेळ भलत्या शोधात जातो. औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.

सोडायची असेल तर

ज्यांना दोन पेगवर थांबताच येत नाही, त्यांना वरील नियमांचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी पूर्ण सोडणे हाच मार्ग. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात मनानेच बंद करू नये. हात कापणे, भ्रम, झटके असे त्रास होतात आणि खाणे सुटल्याने साखरेचाही गोंधळ उडतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडल्यास हे टळते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात याची चौकशी करता येते. पुण्याच्या मुक्तांगण या संस्थेने १९८६ पासून असंख्य माणसांना या वाटेवर मदत केली आहे. व्यसन हा आजार आहे आणि मधुमेहाप्रमाणे त्यावरही उपचार आहेत.

शेवटी एवढेच, की पुढच्या वेळी साखर तपासायला जाल तेव्हा आपण किती आणि केव्हा घेता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. शक्य असेल तर पत्नीला किंवा मुलाला सोबत बसवून सांगा. रात्री तीन वाजता आपल्याजवळ डॉक्टर नसणार, घरचेच असणार. कपाटात ग्लुकोजचे पाकीट कोठे ठेवले आहे, हे त्यांना आजच दाखवून ठेवा.